आळश्यांची रांग

त्या घराची एक रीत होती. घरातलं माणूस गेलं की त्याचे लाकडी जोडे वर्षभर हलवायचे नाहीत. शेवटचे जिथं पायातून काढले, तिथंच ते राहायचे. वर्ष भरलं, चर्चमध्ये त्याच्या नावानं मिस्सा, म्हणजे उपासना, झाली, की मग ते घरात आणून चुलीत घालायचे आणि गेलेल्या माणसाला म्हणायचं, आता अनवाणी जा, तिथं जोडे लागत नाहीत.

बार्बाच्या वडिलांचे जोडे वर्षभर गोठ्याच्या दाराशी होते. आईचे पलंगाखाली होते. बार्बाच्या नवऱ्याचे मात्र बोटीबरोबर समुद्रातच गेले, त्यामुळे त्याचं वर्ष काही भरलंच नाही. तो गेल्यावर बार्बा माहेरी परतली, ती थोरल्या बहिणीजवळ, कातेलजवळ. दोघी तीस वर्षं एका छपराखाली राहिल्या.

कातेलचे जोडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्याच्या कडेला होते. ऑगस्टात, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणानंतर तिसऱ्या दिवशी, ती वाफ्यात वाकून धुमारे कापत होती. एकदम तिला घेरी आली. तिनं जोडे काढले, कडेच्या दगडावर बसली आणि हाक मारली, "बार्बा, जरा ये गं, आकाश खाली आलंय." बार्बानं तिला हाताला धरून घरात आणलं. सहा आठवडे ती अंथरुणात होती. संत मिखाएलच्या सणाच्या आदल्या दिवशी, दुपारी, प्रभूनं तिला नेलं. एकाहत्तर वर्षांची होती. बार्बा चौसष्टची.

कातेलनं लग्न केलं नव्हतं. तिचा संसार म्हणजे घरामागचा उतार. उतार संपला की खाडीचं पाणी, आणि पाण्यापलीकडे ब्रेस्टचं बंदर. त्या सगळ्या किनाऱ्यावर स्ट्रॉबेरी पिकते. कुणाला नवल नाही तिचं. पण युद्धात चर्चचं छप्परसुद्धा जळालं, शेतं उकरली गेली, आणि त्यानंतर साऱ्यांनी नव्या लाल जाती लावल्या, भरभर पिकणाऱ्या. पांढरी स्ट्रॉबेरी फक्त कातेलनं ठेवली. मोठं, फिकट फळ, गालावर जरा गुलाबी झाक, आणि वास असा की वाडगाभर फळं टेबलावर ठेवली तर माडीवर झोपलेल्या माणसाला कळावं.

ही झाडं तिच्या पणजीनं लावलेली. म्हणजे तशी ती नव्हेत. स्ट्रॉबेरीचं झाड तीन वर्षांत थकतं. मग उपटून टाकावं लागतं. पण उन्हाळ्यात त्याच्या बुडातून दोरीसारखा धुमारा निघतो, जमिनीवरून सरपटत जातो, हातभर अंतरावर टेकतो, आणि टेकला तिथं मूळ धरून नवं रोप उभं राहतं. जोमदार आईचे पहिले दोन धुमारे राखायचे, बाकीचे कापून टाकायचे, नाहीतर आईही झिजते आणि लेकीही मरतुकड्या निघतात. राखलेला धुमारा कातेल मातीत टाचून ठेवायची, तेही आपल्या पांढऱ्या टोपीच्या टाचण्यांनी. चांगली मुळं धरली की मधली दोरी कापायची. गाभा मातीच्या वर राहील असं रोप लावायचं. गाभा पुरला की ते कुजतं.

"लेक म्हणायचं आपण," कातेल सांगायची, "पण ही लेक नव्हे गं. तीच ती. पणजीनं लावलं तेच झाड हे. मेलंच नाही कधी, नुसतं जागा बदलत आलंय."

बार्बाला ते ऐकलं की अंगावर काटा यायचा. ती म्हणायची, "ताई, असं जेवताना बोलू नकोस."

दोघींचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. वाफ्यात पांढऱ्या स्ट्रॉबेरीच्या दर तीन रांगांमागे एक रांग वेगळीच होती. उंच झाडं, काळपट पानं. मे महिन्यात ती इतरांसारखीच फुलायची आणि मग काही नाही. तीस वर्षांत त्या रांगांवर बार्बानं एक फळ पाहिलं नव्हतं. खत त्यांना, समुद्रातलं शेवाळ त्यांना, उन्हाळ्यात घागरीनं पाणी त्यांना, आणि फळाच्या नावानं शून्य.

"हे आळशी कशाला पोसतेस?" बार्बा विचारायची.

"असू देत."

"असू देत काय? पाव वाफा अडवलाय त्यांनी. चर्चमध्ये मागच्या बाकावर झोपा काढणारे बरे, ते निदान 'आमेन' तरी म्हणतात."

"असू देत म्हटलं ना. बाबांनी लावलेत."

"बाबांनी गोठ्याला हिरवा रंग पण लावला होता. तो आपण खरवडलाच की."

कातेलचे कान लाल व्हायचे आणि ती दुसऱ्या टोकाला जाऊन वाकायची. बार्बाला वाटे, ताईला राग आला.

अंथरुणाला खिळल्यावर कातेल खिडकीतून वाफ्याकडे बघत राहायची. शेवटच्या दिवशी सकाळी तिनं बार्बाचं मनगट धरलं. "त्या रांगांना हात लावू नकोस. ऐकतेस ना? बार्बा, ते... त्यांच्याशिवाय..."

तेवढ्यात फादर मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन दारात आले. कातेलनं त्यांच्याकडे पाहिलं, तिचे कान लाल झाले आणि तिनं तोंड मिटलं. तेल लावून झालं, प्रार्थना झाली. त्यानंतर तिच्या तोंडून येशूचं नाव तेवढं आलं.

अंत्यविधीनंतर पंधराव्या दिवशी बार्बानं कुदळ घेतली आणि आळश्यांच्या सगळ्या रांगा उपटल्या.

दुष्टपणानं नव्हे. घर रिकामं झालं होतं, हात रिकामे होते, आणि बहिणीचा वाफा दृष्ट लागावी असा करायचं तिच्या मनात होतं. मोकळ्या झालेल्या जागेत तिनं पांढऱ्याची तरणी रोपं लावली, हात मोजून, गाभा वर ठेवून, ताईनं शिकवलं होतं तसंच. उपटलेले आळशी तिनं कड्यावरून खाली समुद्रात टाकून दिले. परतताना तिला हलकं वाटलं. तीस वर्षांचं भांडण ती जिंकली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिला पहिल्यांदा आवाज आला.

मागच्या दारापासून वाफ्यापर्यंत दगडी फरशीची वाट होती. अकरा पावलांची. कातेल रोज त्या वेळी त्या वाटेनं जायची. लाकडी जोड्यांचा टक-टक, टक-टक असा आवाज ऐकून बार्बा उठायची आणि चुलीवर कॉफी ठेवायची. आज तोच आवाज. पण अर्धाच. टक. मग काही नाही. मग पुन्हा टक. एका पायात जोडा असावा आणि दुसरा पाय अनवाणी, तसा. वाफ्याशी जाऊन तो थांबला.

बार्बा उठून खिडकीशी गेली. वाटेवर दव होतं. कुणी नव्हतं. जोडे दगडाशी होते तिथंच होते.

ती रोझरीची माळ घेऊन बसली. रोज बसू लागली. आवाज रोज यायचा, आणि दररोज एकाच पायाचा.

मृतांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिनं रीतीप्रमाणे घरातल्या गेलेल्या सगळ्यांसाठी टेबल मांडलं: दूध, घावन, लोण्याचा तुकडा. सकाळी बघितलं तर सगळं जसंच्या तसं. आई-बाबांचं तिला वाईट वाटलं नाही. ते शांतवले असतील. पण ताईसुद्धा आली नव्हती. तेव्हा बार्बाला कळून चुकलं की कातेल घरात येतच नाही. ती वाफ्यातच आहे.

तिकडची जुनी माणसं सांगतात, की माणसाची चूक जिथं झाली त्याच जागी त्याचा आत्मा प्रायश्चित्त करतो. कुणी कुंपणात, कुणी विहिरीकाठी. बार्बा डिसेंबरात फादरांकडे गेली. फादर तरुण होते, शहरातले.

"फादर, आत्मा चूक झाली तिथंच अडकतो ना?"

"म्हातारी माणसं म्हणतात तसं."

"म्हातारी माणसं गेली की मग कोण म्हणणार?"

फादर हसले, मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. "बाई, कातेलसारख्या बाईची कसली चूक? मी तिचं शेवटचं पापनिवेदन ऐकलंय. सांगता येत नाही, पण तुमची मांजर तिच्यापेक्षा पापी असेल."

"मग चूक माझी आहे," बार्बा म्हणाली. "तिनं मरताना एक गोष्ट मागितली. मी ती मोडली."

"मग तिची क्षमा मागा आणि वाट बघा. वर्षाच्या मिस्सेपर्यंत तिला विश्रांती मिळावी म्हणून मीही प्रार्थना करीन."

वर्षाच्या मिस्सेपर्यंत. बार्बानं तेवढंच मनात धरलं. त्या दिवशी जोडे चुलीत जायचे होते. तोवर ताई सुटली नाही, आणि जोडे तर जळून गेले, तर ती पुढं कशानं चालणार? एक पाय तर तसाही अनवाणी वाटत होता.

हिवाळाभर पाऊस पडला. डावा जोडा पावसानं भरला, आत कोंबलेला पेंढा कुजला, वाफ्यातली माती उडून त्यात साचली. उजवा मात्र कोरडा. असा मुसळधार पाऊस की बादल्या भरून वाहाव्यात, आणि उजव्या जोड्यात सकाळी थेंब नसायचा. कुणी रोज पाय घालत असावं तसा. बार्बानं हे कुणाला सांगितलं नाही. भिंतीपलीकडे राहणाऱ्या सेझालासुद्धा नाही, जिला ती आपल्या गुडघ्याच्या दुखण्यापासून मांजरीच्या बाळंतपणापर्यंत सगळं सांगायची.

मार्चमध्ये डाव्या जोड्यातून एक पान वर आलं. एप्रिलात पाच झाली. बार्बा वाफ्यात तण काढायची ती त्या कोपऱ्याकडे पाठ करून.

मे महिन्यात वाफा फुलला. असा कधीच फुलला नव्हता. सगळ्या रांगा पांढऱ्या, मोकळी जागाच नाही, सेझा भिंतीवरून म्हणाली, "बार्बा, बाई, चर्चची वेदी मांडल्यासारखं दिसतंय. कातेल असती तर!" बार्बा मान हलवून आत गेली. त्याच आठवड्यात डाव्या जोड्यातल्या रोपालाही फुलं आली. चार फुलं, ताठ मानेनं, घराच्या दाराकडे तोंड करून.

मग पाकळ्या गळल्या आणि बार्बा फळाची वाट बघू लागली. गवत पसरलं, फळ मातीला लागू नये म्हणून. पक्ष्यांसाठी जाळी आणून ठेवली. फुलाच्या जागी हिरवी बोंडं आली, वाटाण्याएवढी झाली, आणि तिथंच थांबली. मग कडक झाली. मग काळी. एका रांगेत, दुसऱ्या रांगेत, शेवटपर्यंत. तिनं एक बोंड दातानं फोडून बघितलं. कोटाच्या बटणासारखं होतं.

"तू घेतेस ना?" ती वाफ्यात उभी राहून हळूच म्हणाली. "घे. सगळी घे. पण मग जा गं."

दुसऱ्या दिवशी उजाडता टक. टक.

पेंटेकॉस्टनंतरच्या आठवड्यात तांगी आला. तांगी ऐंशीचा, आयुष्यभर स्ट्रॉबेरी लावलेला माणूस, गावात सगळ्यात फटकळ. दरवर्षी कातेल त्याला पांढऱ्याचा पहिला वाडगा द्यायची; म्हणून जूनच्या सुरुवातीला तो पीक कसं आहे ते बघायला काठी टेकत यायचा.

"काय बार्बाबाई, माझा वाडगा ठरलाय ना? वर्षातून एकदा तोंड गोड होतं माझं."

"फळ नाही धरलं या वर्षी, तांगीदादा. ताई गेली, तिच्याबरोबर गेलं."

"गेलं म्हणजे? कातेल काय पेटीत भरून घेऊन गेली? सर बाजूला."

तो वाफ्यात वाकला. एक काळं बोंड चिमटीत धरलं. उशिरा आलेली काही फुलं अजून होती. त्यातलं एक जवळ आणून डोळे बारीक करून बघितलं. मग मान वर करून सगळ्या रांगांवरून नजर फिरवली, आणि हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता वाटेच्या फरशीवरच बसला.

"अगं बये, तू इथं मठ उघडलास की!"

"कसला मठ?"

"नन्सचा! सगळ्या पांढऱ्या टोप्या, सगळ्या रांगेत, सगळ्या देवाकडे तोंड करून. आणि अख्ख्या वाफ्यात एक पुरुष नाही. पोरं कुठून होणार?"

बार्बानं कपाळावर क्रूस केला. "वयाला तरी शोभेल असं बोला, दादा."

"वयाचं काय त्यात? अगं, या पांढऱ्या सगळ्या बायका आहेत. तुझ्या पणजीपासून. यांच्या फुलात पिवळी भुकटी नसते. ती उंच, काळ्या पानांची रांग कुठं आहे?"

"ते आळशी? ते मी उपटले."

तांगीचं हसू थांबलं. "आळशी? अगं, ते बाप होते सगळ्यांचे."

बार्बा तिथंच गवतावर बसली. खाडीवरून वारा येत होता. ती म्हणाली, "मला ताईनं कधी सांगितलं नाही."

"कातेल सांगणार? आमच्या गाईला बैल दाखवायचा दिवस असला की खिडक्या लावून रोझरी म्हणणारी कातेल? तिला हे तुझ्या बापानं सांगितलं तेव्हा मी इथंच उभा होतो. वीस-बावीसची असेल. टोपली टाकून घरात पळाली, आणि आठवडाभर मला बघितलं की रस्ता बदलायची. जणू फुलं मीच फसवली होती."

"त्यांच्याशिवाय," बार्बा पुटपुटली.

"काय?"

"मरताना म्हणाली होती. त्यांच्याशिवाय... आणि तेवढ्यात फादर आत आले."

तांगीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग संपलंच. फादरांसमोर बोलायची ती!"

तीस वर्षं. बार्बाला ते लाल कान आठवले. तो राग नव्हता. एक शब्द होता, जो त्या बाईला उभ्या जन्मात सख्ख्या बहिणीपुढंही उच्चारता आला नाही; मग मरताना कुठून येणार? आणि तो शब्द तोंडातच घेऊन ती गेली. म्हणून तर अडकली.

"आता कुठं मिळेल असं झाड, दादा?"

"कुठं मिळायचं? आम्ही सगळे लाल लावतो, त्यांना सगळं एकाच फुलात असतं, आणि त्यांचा बहर कधीच सरला. जुने बाप कुणी ठेवलेत? एक कातेलच वेडी होती."

बार्बा उठली. "इकडे या," ती म्हणाली. तिनं आजवर कुणाला दाखवलं नव्हतं.

डाव्या जोड्यातलं रोप चांगलं पसरलं होतं, अजून फुलत होतं. उंच. पानं काळपट. बार्बानं आजवर त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, मग ओळखणार कशी? ताई आजारी पडली त्या दिवसांत धुमारे कुणी कापले नव्हते. कडेच्या आळश्याचा एक धुमारा सरपटत आला असेल, जोड्यात शिरला असेल, पेंढ्यात मूळ धरलं असेल. बार्बानं कुदळीनं आई उपटली, दोरी तुटली, आणि हे मागं राहिलं.

तांगीनं बोटाचं टोक फुलाला लावलं. बोट पिवळं झालं.

"एक उरलाय," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "बार्बा, जोडा तिचा आहे. मी पुढं हात लावणार नाही. तू लाव. ही भुकटी घ्यायची आणि फुलाच्या मधोमध टेकवायची. एकेका फुलाला. देव करील ते खरं."

जोडा हलवायचा नव्हता. म्हणून बार्बा गुडघ्यांवर जोड्यापर्यंत जायची, बोट लावायची, आणि गुडघ्यांवरच वाफ्यातल्या एखाद्या उशिरा फुललेल्या फुलापर्यंत यायची. "पवित्र मरिये, आमच्यासाठी प्रार्थना कर," म्हणून बोट टेकवायची. पुन्हा मागं. तीन दिवस ती हे करत होती. तिचे स्वतःचे कानही लाल झाले होते, पण कुणी बघायला नव्हतं. निदान दिसणारं कुणी नव्हतं.

जुलैत अकरा फळं आली. एवढ्या मोठ्या वाफ्यात अकरा. पण मोठी, फिकट, एका गालावर गुलाबी. दहा तिनं वाडग्यात घालून तांगीला दिली. एक ठेवली. खायच्या आधी प्रार्थना म्हटली, खाल्ली, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडली, कारण घरभर ताईचा उन्हाळा दरवळत होता.

तिला वाटलं, आता सुटली. दुसऱ्या दिवशी उजाडता ती अंथरुणात श्वास धरून पडून राहिली.

टक. टक. वाफ्यापर्यंत.

म्हणजे तिला फळ नको होतं. अजून काम बाकी होतं.

ऑगस्टात जोड्यातल्या रोपानं धुमारे सोडले. बार्बानं बाकी सगळ्या वाफ्यातले कापले. हे नाही कापले. एरवी पहिले दोनच राखायचे, पण इथं एकच बाप होता, म्हणून तिनं सहा राखले आणि मनातल्या मनात ताईची माफी मागितली. कपाटातून कातेलच्या टोपीच्या टाचण्या काढल्या. त्यांना अजून तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. जिथं आळश्यांची रांग होती तिथली पांढरी रोपं हलवून जागा मोकळी केली, आणि एकेक धुमारा तिथवर ओढून मातीत टाचला. रोज संध्याकाळी घागरीनं पाणी. सप्टेंबरच्या मध्यावर तिनं एक रोप हळूच ओढून बघितलं. ते हललं नाही. मुळं धरली होती.

आता दोऱ्या कापायच्या होत्या. बार्बा रोज कात्री घेऊन जायची आणि रोज तशीच परत यायची. ताईनंच शिकवलं होतं, मुळं धरल्यावर दोरी ठेवली तर दोघींचंही नुकसान. माहीत होतं. तरी हात होत नव्हता.

मिस्सेच्या दिवशी सकाळी, चर्चला जायच्या आधी, तिनं काळा पोशाख घातला, टोपी बांधली आणि वाफ्यात गुडघे टेकले. "ताई," ती म्हणाली, "बाप लावून झालेत बघ. मी आता त्यांना आळशी म्हणणार नाही. आणि हे मी कुणाला सांगणारही नाही, कशाला ठेवलेत ते. विचारलंच कुणी तर म्हणीन, बाबांनी लावलेत." मग एक-एक करून सहा दोऱ्या कापल्या. सहाव्या वेळी कात्री जड गेली.

मिस्सा छान झाली. फादरांनी नाव नीट उच्चारलं. सेझा आली होती, तांगी मागच्या बाकावर बसून आमेन म्हणाला. घरी येऊन बार्बानं उजवा जोडा आत आणला. कोरडा होता, हलका होता. चुलीत घातला तेव्हा तो चटकन पेटला. "आता अनवाणी जा," ती म्हणाली. "तिथं जोडे लागत नाहीत." डावा तिनं जाळला नाही. झाडासकट रांगेच्या टोकाशी नेला, खड्डा केला आणि गाभा वर राहील एवढाच पुरला. लाकूड कुजेल, मूळ खाली जाईल.

दुसऱ्या दिवशी उजाडता ती नेहमीसारखी जागी झाली आणि कान देऊन पडून राहिली. खाडीवर पक्षी ओरडत होते. कुठंतरी दार वाजलं. दगडी वाटेवर काहीही नाही.

याच्यासाठीच तर तिनं वर्षभर देवाला विनवलं होतं. तरी ती पडून राहिली. पुन्हा कान दिला. तांबडं फुटलं, उजेड पलंगापर्यंत आला. घर इतकं शांत की भिंतीवरच्या क्रूसाचा खिळा कुरकुरला तरी ऐकू यावा.

ती उठली. मागच्या दाराशी आपले लाकडी जोडे पायात घातले आणि वाटेला लागली. टक-टक, टक-टक. अकरा पावलं. वाफ्याशी थांबली.

भिंतीपलीकडे बादली खाली पडली. सेझाचं तोंड वर आलं, पांढरं फटक, हात कपाळावर क्रूस करायला निघालेला.

"मेले! तू होय? मला वाटलं कातेलच. पण आज दोन्ही पायांचा आवाज, म्हणून घाबरले."

बार्बा तिच्याकडे बघत राहिली. "तुला ऐकू येत होतं?"

"रोज. वर्षभर. तुला काय सांगायचं, तू आधीच खंगलेली, म्हणून गप्प बसले." सेझानं एप्रनला हात पुसले. "आज आलाच नाही, तर मला चैन पडेना. उठून भिंतीशी येऊन उभी राहिले."

मग बार्बा वाकली, नव्या रांगेतल्या पहिल्या रोपाचा गाभा मातीच्या वर आहे ना ते बोटानं चाचपलं आणि म्हणाली, "उद्यापासून दोन्ही पायांचा येत जाईल. घाबरू नकोस."